कॅसेट भरून मिळेल

गेल्या महिन्यात लेकीनं मोबाईलवर एक गाणं लावलं आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. गाण्याच्या मागं खरखर होती. बारीक, एकसारखी, टेपचं हेड मळलं की येते तशी.

"अगं, आवाज खराब येतोय बघ."

"खराब न्हवे पप्पा. ती मीच घातलोय. ॲपमध्ये मिळतीय. लो-फाय म्हणतात."

(आमच्याकडच्या मुली 'मी घातलोय', 'मी आलो' असंच बोलतात. पुण्याच्या वहिनी अजूनही दचकतात.)

ज्या माणसानं उमेदीची आठ वर्षं कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ही खरखर पुसण्यात घालवली, त्याच्याच घरात आता ती पैसे मोजून आणली जाते. मी काही बोललो नाही. खरं तेव्हापासून या लो-फायच्या, म्हणजे मुद्दाम कच्च्या, घरगुती ठेवलेल्या आवाजाच्या मागं लागलो. (आमच्या 'खरं'चा अर्थ 'पण' असा घ्यावा.) मागं लागता लागता एका अमेरिकन म्हाताऱ्यापाशी पोचलो. त्याचा आवाज मी बेळगावच्या शहापुरात बसून निदान तीस वेळा कॅसेटवर भरला होता, आणि तो कुणाचा हे मला आत्ता कळलं.

आधी दुकानाचं सांगतो.

मामांचं दुकान शहापुरात एका गल्लीच्या तोंडाला होतं. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढंच. पाटीवर वर मराठीत, खाली कन्नडमध्ये: कॅसेट भरून मिळेल. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं. कुणाला नाट्यगीतं, कुणाला राजकुमारच्या सिनेमातली कन्नड गाणी, कुणाला लग्नासाठी नुसती सनई, तासभर, मधे गॅप नको. साठची कॅसेट भरून 25 रुपये, नव्वदची 35. कायद्यानं बघितलं तर हा धंदा चोरीचाच. तेव्हा गल्लीत कुणाच्या ते ध्यानीमनीही नव्हतं, आता लिहिताना मात्र जरा ओशाळायला होतं.

एका कॅसेटवरचं दुसरीवर भरायच्या डबल डेकला 'हाय स्पीड' म्हणून एक बटण होतं. मामा त्याला हात लावू देत नसत. "दुप्पट पळवलास की वरचा आवाज खातंय ते," म्हणायचे. म्हणजे नव्वदची कॅसेट भरायला पुरी नव्वद मिनिटं, आणि तेवढा वेळ मी डेकसमोर बसून. आवडो न आवडो, सगळं ऐकायचं. सुया लाल पट्ट्यात गेल्या की नॉब मागं घ्यायचा. भरून झालं की कॅसेटच्या पाठीचे दोन प्लास्टिकचे कान स्क्रूड्रायव्हरनं मोडायचे, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जात नाही. महिन्याभरानं तोच माणूस त्या भोकांवर चिकटपट्टी लावून कॅसेट परत आणायचा. "हे पुसून दुसरं भरा की."

कॅम्पातल्या एक बाई दर डिसेंबरात यायच्या. त्यांच्याकडं जिम रीव्ह्जची एक कॅसेट होती. हा अमेरिकन गायक 1964 मध्येच विमान अपघातात गेला, खरं कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात तो अजून जिवंतच होता. बाईंना नाताळात पाहुण्यांना द्यायला तीन-चार कॉप्या लागायच्या. त्या कॅसेटमध्ये एका गाण्यात रीव्ह्जबरोबर एक लहान पोरगा गातो, 'बट यू लव्ह मी डॅडी'. नेमकी त्या पोराच्याच जागी बाईंची टेप ताणली गेली होती. पोराचा आवाज तिथं एकदम पाण्यात पडल्यासारखा हलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. मूळ कॅसेट हलते म्हटल्यावर कॉपीही हलणारच. बाईंना चालायचं. अशा हलत्या पोराच्या तीसेक कॅसेटी मी गोव्याला रवाना केल्या असतील.

तो पोरगा म्हणजे आर. स्टीव्ही मूर, घरीच गाणी भरणारा, लो-फायवाल्यांचा गुरू. माझा अमेरिकन म्हातारा तो हाच. गाणं रेकॉर्ड झालं 1959 मध्ये, तेव्हा तो सात वर्षांचा होता.

हे वाचलं तेव्हा मी उद्यमबागेत कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसलो होतो. पुढ्यात बेअरिंगची इन्व्हॉइसं होती. ती तशीच ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

स्टीव्हीचा बाप बॉब मूर नॅशव्हिलमधला नामांकित बास वाजवणारा. एल्व्हिस प्रेस्ली, रॉय ऑर्बिसन, पॅट्सी क्लाइन, यांच्या रेकॉर्डवर मागं जो खर्जातला आधार ऐकू येतो, त्यातला पुष्कळसा या माणसाच्या बोटांतला. नॅशव्हिल म्हणजे तिकडचं गाण्याचं पेठेचं गाव. मोठे स्टुडिओ, पगारी वादक, तासावर काम, घड्याळाकडं बघून तीन तासांत गाणी संपवायची. अशा घरचा पोरगा. वडिलांच्या ओळखीनं स्टुडिओत शिरला असता तर जन्मभर ददात नव्हती. त्यानं काय केलं, तर घरात टेपची मशिनं मांडली आणि ड्रम, बास, गिटार, पियानो, गळा, सगळं एकट्यानंच वाजवायला नि गायला लागला.

एकट्यानं कसं, ते मला सांगावं लागलं नाही. कारण माझ्या मामांनी तेच केलं होतं.

मामा पेटी वाजवायचे. भजनापुरती, साधीच. आता बेळगावात पेटी वाजवायची म्हणजे एक मोठी पंचाईत होती. पंडित रामभाऊ विजापुरे याच गावात राहायचे, शिकवायचे, आणि त्यामुळं गावातल्या कुणाही आलतूफालतू माणसाचा कान पेटीच्या बाबतीत नको तेवढा तयार झालेला. मामा चारचौघांत पेटीला हात लावायला लाजायचे. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की मग सुरू. आधी एका कॅसेटवर नुसती पेटी भरायची. ती कॅसेट स्पीकरवर लावायची, तिच्या बरोबर अभंग म्हणायचा, आणि पेटी अधिक गळा असं दोन्ही मिळून माईकवरनं दुसऱ्या डेकमध्ये घ्यायचं. मग ही दुसरी कॅसेट स्पीकरवर, आणि सोबत टाळ. तिसऱ्या फेरीपर्यंत पहिली पेटी शेजारच्या घरातून आल्यासारखी दबकी व्हायची, आणि दर फेरीला खरखरीचा एक नवा थर चढायचा. कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, पट्टी बारीक, त्यात किती मावणार? मूर मोठ्या रिळांच्या मशिनवर काम करायचा, त्यामुळं त्याचे थर जरा पातळ, एवढाच फरक. एका मशिनवरचं दुसऱ्यावर घेताना वर नवं वाद्य चढवायचं, ही युक्ती तीच.

आणि आमच्या मागं माग. शहापूर-वडगावात राहणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. दुकानाच्या पाठच्या भिंतीला लागूनच चार पॉवरलूम होते. खटाखट, खटाखट, दिवसभर आणि कामाचा ताण असला की रात्रीही. मामांच्या प्रत्येक अभंगाखाली हा ठेका आहे. वीज गेली की माग बंद, खरं मग डेकही बंद! एकदा मामांनी यावर उपाय काढला. लोडशेडिंगच्या वेळात सेलवरच्या टू-इन-वनमध्ये भरायचं. सगळी गल्ली चिडीचूप, मेणबत्ती लावलेली, मामांनी तब्येतीनं अभंग धरला. वीज आल्यावर ती कॅसेट डेकवर लावली तर काय, मामा काळी एकमध्ये सुरू झाले आणि शेवटाला काळी दोनच्या पुढं गेले, लयही चढत चढत पळायला लागली. मला वाटलं मामांचाच तोल गेला. मामांनी दोन मिनिटांत ओळखलं: सेल उतरत गेले, भरताना टेप हळू हळू सरकत गेली, आणि आता डेक ती पुऱ्या वेगानं वाजवतोय. कोकरासारख्या आवाजातला तो शेवटचा तुकाराम आम्ही किती वेळा ऐकून हसलो असू. पुसला मात्र नाही. कान मोडून ठेवलाय.

तर मूर. 1976 मध्ये त्याच्या घरगुती टेपांतली निवडक गाणी घेऊन 'फोनोग्राफी' नावाची रेकॉर्ड निघाली. तीही मामाच्या पुढाकारानं, हॅरी पामर या त्याच्या मामानं. (इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, आत्याचा नवरा, सगळे एकाच पोत्यात. मी आपला मामा धरून चालतो.) पहिल्यांदा प्रती काढल्या 100. शंभर! आम्ही गणपतीच्या आरत्यांच्या कॅसेटी एका चतुर्थीला याहून जास्त खपवायचो. गाण्यांच्या मधे मधे नकला, बोलणं, रेडिओवरच्या निवेदकासारखं काहीतरी. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं कुणीतरी चुकून वर भरलंय. सुरावटी मात्र अस्सल गोड, आणि बास ऐकला की बापाचं रक्त कळतं.

1978 मध्ये तो न्यू जर्सीला गेला. रेकॉर्डच्या दुकानात नोकरी, आणि घरी रेकॉर्डिंग. आणि इथून पुढं त्याची जी 'कारकीर्द' म्हणतात, ती माझ्या दुकानदारी डोक्याला एकदम पटते. 1982 च्या सुमारास त्यानं 'कॅसेट क्लब' काढला. त्याच्याकडच्या टेपांची यादी असायची, माणूस यादीतलं हवं ते मागवायचा, पैसे पाठवायचा, की हा घरी बसून कॅसेट भरून पोस्टानं रवाना करायचा. कंपनी नाही, वितरक नाही. कॅसेट भरून मिळेल! फरक एवढाच, की आम्ही दुसऱ्यांची गाणी भरायचो आणि याची यादीतली सगळी गाणी स्वतःची. पुढं कॅसेटीच्या जागी सीडी आल्या, मग इंटरनेट, धंद्याची रीत तीच राहिली. असे मिळून 400 च्या वर अल्बम झालेत.

ही 400 ची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. तेच गाणं तीन-चार टेपांत पुन्हा पुन्हा येतं, काही टेपांत तर नुसती बडबड. मी पंधरा-वीस ऐकले आणि थकलो. आमच्या यादीतसुद्धा माणूस बारा गाणी लिहायचा, त्यातली चार त्याला खरोखर हवी असायची, बाकी साठ मिनिटं भरायला. खरं ती चार कुठली, हे त्यालाही भरून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. मूरनं ऐकणाऱ्याच्या वतीनं कधी निवड केली नाही. सगळं यादीत ठेवलं. हा आळस म्हणा, माज म्हणा किंवा प्रामाणिकपणा. मला आठवड्यातून तीन वेळा वेगवेगळं वाटतं.

एक गोष्ट मात्र त्याच्याविषयी लिहिणारे सोपी करून टाकतात. घरात बसून गाणी करणं स्वस्त झालं म्हणून हे लोक आले, असं म्हणतात. 1979 मध्ये टॅस्कम कंपनीनं चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं, कॅसेटवालं मशिन काढलं, साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरायचे, वेग दुप्पट. त्यानंतर घरोघरी रेकॉर्डिंग सुरू झालं हे खरंच. खरं मूरची रेकॉर्ड त्याच्या तीन वर्षं आधीची आहे. आणि माझ्या मामांनी असलं मशिन कधी चित्रातही पाहिलं नव्हतं. मशिन यायच्या आधीच ज्याला एकट्यानं तिघांचं वाजवायचंय तो वाजवतो. शटर अर्धं ओढायला लागतं, बाकी काही नाही.

मूरचा पहिला मोठा दौरा झाला 2011 मध्ये, साठीला टेकल्यावर. तोवर त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान पोरं त्याला गुरू म्हणायला लागली होती. आता तो नॅशव्हिलला परत गेला होता. बॉब मूर 2021 मध्ये वारले.

आमचं दुकान त्याच्या पुष्कळ आधी गेलं. आधी एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, एकीत दीडशे गाणी. मग लोकांनी यादी करणंच सोडलं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

मामा 81 वर्षांचे आहेत. कान अजून शाबूत, डोळ्यांनी कमी दिसतं. मागच्या रविवारी कुंदा घेऊन गेलो आणि मोबाईलवर 'फोनोग्राफी' लावली. डोळे मिटून दोन गाणी ऐकली.

"पेटी कोण वाजवायलाय?"

"पियानो आहे तो, मामा. तोच वाजवतोय."

"आणि ढोल?"

"तोच."

"डेक किती होते?"

"दोन."

"मग बरोबर." थोडं थांबून म्हणाले, "हेड साफ करत नव्हता वाटतं."

मी हसलो. मग म्हटलं, आता एक जुनं ऐका, आणि जिम रीव्ह्जचं ते गाणं लावलं. पहिली ओळ संपायच्या आत मामांनी बोट वर केलं. "कॅम्पातल्या बाई." मी मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन "हो" म्हणालो. पोराचा आवाज आला तसे मामा जरा पुढं सरकले. बोट तसंच वर धरलेलं. पोरगा गात राहिला, स्वच्छ, सरळ, सात वर्षांचा. त्याची जागा आली आणि गेली.

"इथं हलतंय की ते," मामा म्हणाले. "परत लाव."