गार्लिट्स : गाडी स्वतः बांधायची, स्वतःच पळवायची

ड्रॅग रेसिंगचं नाव काढलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, वळण नाही काही नाही, सरळ रेषेत पाव मैल गाडी दामटायची, त्यात काय एवढं? माझा भाचा लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या एअरस्ट्रिपवर अशा रेस बघून आला, त्याला आवडलं पण तोही फोनवर म्हणाला, मामा, दहा-बारा सेकंदात संपतं हो सगळं. म्हटलं अरे बैलगाडा शर्यतीच्या घाटात तरी काय वेगळं असतं, तिथेही सेकंदावरच नंबर लागतो, आणि त्या थोड्या सेकंदांसाठी वर्षभर बैलाला जीव लावलेला असतो. तसंच आहे हे. रेस सेकंदात संपते पण ती गाडी बांधण्यात माणसाचं अख्खं आयुष्य जातं. आणि हे बोलताना माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस असतो, फ्लोरिडाचा ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स. मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात काळे करत मोठा झालो, आता बरीच वर्षं इकडे फ्लोरिडातच जॅक्सनव्हिलला आहे, आणि मशीनवर जीव असलेल्या कुणालाही ह्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी थोडं मागचं. १९३२ साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं, ६५ हॉर्सपॉवर, आज ऐकायला काहीच नाही पण त्या काळात एवढ्या कमी पैशात व्ही-८ मिळणं मोठी गोष्ट होती. कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढ, बंपर काढ, टप कापून खाली आण, इंजिनला दुसरा कॅमशाफ्ट दुसरं मॅनिफोल्ड, आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यांवर जाऊन वेग मोजायचा. हाच तो हॉट रॉड. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परत आलेली, मशीनवर हात बसलेली पोरं ह्यात आली आणि हे प्रकरण एकदम वाढलं, रस्त्यावर रेस लागायला लागल्या, माणसं मरायला लागली, पोलीस मागे लागले. मग १९५० मध्ये सांता ॲना विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग रेस सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सनं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन म्हणजे एनएचआरए काढली, जी आजही हा सगळा खेळ चालवते.

गार्लिट्सचा जन्म पण १९३२ चा, टॅम्पाचा. कॅलिफोर्नियापासून तीन-चार हजार किलोमीटर लांब, तिथे ना स्पेशल पार्ट्सची दुकानं ना कुणी शिकवणारं. भंगारातून क्रायस्लरचं हेमी इंजिन आणायचं आणि जुन्या शेवरोलेच्या चासीचे रेल कापून त्यावर बसवायचं. बाहेरच्या रेसर्सनी त्याला स्वॅम्प रॅट म्हणून हिणवलं, दलदलीतला उंदीर, तर ह्या बाबानं तेच नाव गाडीला दिलं आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक गाडीला तेच नाव, फक्त नंबर बदलायचा. नोव्हेंबर १९५७ मध्ये फ्लोरिडातच ब्रुक्सव्हिलला त्यानं ८.७९ सेकंदात धाव संपवली, वेग ताशी १७६.४० मैल, म्हणजे २८० किलोमीटरच्या वर. कॅलिफोर्नियावाल्यांनी चक्क विश्वासच ठेवला नाही, म्हणाले घड्याळं खोटी आहेत. मग १९५९ ला त्यांच्याच अंगणात, बेकर्सफील्डला गेला. तिथे त्यांच्या गाड्यांना ब्लोअर, म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारा पंप, आणि ह्याच्याकडे नुसते कार्ब्युरेटर, हरला, वर लोकांच्या शिव्या खाऊन आला. पण येताना डोक्यात ब्लोअर घेऊन आला.

हा ब्लोअर म्हणजे काय, तर जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा, बस-ट्रकवरचा रूट्स ब्लोअर, ६-७१ म्हणतात त्याला, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ क्युबिक इंच म्हणून ६-७१. ट्रकवरचा पार्ट काढून रेसिंग इंजिनच्या डोक्यावर बसवायचा आणि क्रँकवरून बेल्टनं फिरवायचा, ही डोकॅलिटी मला फार आवडते, कारण उद्यमनगरात मी हेच बघत आलोय, एका मशीनचा पार्ट दुसऱ्या मशीनवर असा बसवायचा की वाटावं तो तिथलाच आहे.

पण ब्लोअर आला तसा धोका पण आला. त्याच वर्षी जूनमध्ये साउथ कॅरोलिनात चेस्टरला ब्लोअर फुटला, आग थेट अंगावर, चेहरा आणि हात भाजले. बरा होईपर्यंत त्याची गाडी आर्ट मॅलोननं चालवली. डॉक्टर, घरचे, सगळे काय म्हणाले असतील ते आपण समजू शकतो. तो परत आला.

इथे नायट्रोबद्दल सांगितलं पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्या गाड्या पेट्रोलवर नाही, नायट्रोमिथेनवर चालतात. किलोला किलो बघितलं तर नायट्रोत पेट्रोलच्या जेमतेम पाव एवढीच ऊर्जा आहे. मग पॉवर कुठून येते? तर नायट्रोच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो नायट्रोला फक्त १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ पट इंधन कोंबता येतं, आणि हिशेब केला की त्याच इंजिनातून पेट्रोलच्या दुपटीपेक्षा जास्त पॉवर निघते. आजच्या टॉप फ्युएल गाडीचं, म्हणजे नायट्रोवर पळणाऱ्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाडीचं इंजिन ५०० क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण ८.२ लिटर, आणि पॉवर ११ हजार हॉर्सपॉवरच्या आसपास धरतात. एका धावेला चाळीस-पन्नास लिटर इंधन संपतं. प्लगची टोकं अर्ध्या वाटेतच जळून जातात, पुढचं अंतर इंजिन नुसत्या उष्णतेवर आणि दाबावर डिझेलसारखं चालतं. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तिथे न जळलेलं पातळ इंधन साचतं, आणि पातळ पदार्थ दाबला जात नाही, मग काहीतरी फुटतंच.

आणि हे सगळं तेव्हा ड्रायव्हरच्या तोंडासमोर असायचं. त्या काळच्या ड्रॅगस्टरला, म्हणजे खास ड्रॅग रेससाठी बांधलेल्या गाडीला, स्लिंगशॉट म्हणायचे, त्यात ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे बसायचा, डिफरन्शियल दोन पायांच्या मध्ये, क्लच पायांच्या पुढे, आणि त्याच्या पुढे इंजिन. ऑइल उडालं तर गॉगलवर, आग लागली तर अंगावर. १९६४ मध्ये न्यू जर्सीत ग्रेट मेडोजला ह्याच पद्धतीच्या गाडीत गार्लिट्सनं ताशी २०० मैलांचा आकडा ओलांडला, २०१.३४.

मग आला ८ मार्च १९७०. कॅलिफोर्नियातली लायन्स ड्रॅग स्ट्रिप, फायनलची रेस, गाडीत नवीन टू-स्पीड ट्रान्समिशन. दिवा हिरवा झाला, गाडी सुटली आणि ट्रान्समिशन फुटलं, गाडीचे सरळ दोन तुकडे झाले. गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. एका प्रेक्षकालाही गंभीर दुखापत झाली, ते विसरून चालणार नाही.

लाँग बीचच्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या ह्या माणसानं ठरवलं की आता इंजिन मागे आणि ड्रायव्हर पुढे. आता हे नीट ऐका, कारण लोक म्हणतात की मागच्या इंजिनाचा शोध गार्लिट्सनं लावला. तसं नाहीये. मागे इंजिन असलेले ड्रॅगस्टर आधीही लोकांनी बांधले होते. पण ते सरळ जायचे नाहीत, वेग वाढला की एकदम एका बाजूला भरकटायचे, आणि म्हणून सगळ्यांनी सांगून टाकलं होतं की ही पद्धत चालत नाही. गार्लिट्स आणि त्याची माणसं, टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल, ह्यांनी गाडी बांधली, पळवली, तर तीही भरकटायला लागली. आणि मग सापडलं की दोष इंजिनाच्या जागेचा नाहीच, स्टिअरिंगचा आहे!

कसं बघा. स्लिंगशॉटमध्ये माणूस सगळ्यात मागे बसलेला, गाडीचं ढुंगण जरा सरकलं की त्याला बसल्या जागी लगेच कळतं आणि तो थोडंसंच स्टिअरिंग फिरवून सावरतो. तोच माणूस पुढच्या चाकांजवळ नेऊन बसवला की मागचं सरकणं त्याला वेगळंच जाणवतं, उशिरा कळतं, मग तो सवयीनं फिरवायला जातो आणि ते जास्त होतं, मग उलटं फिरवतो, तेही जास्त होतं. सगळे जण स्लिंगशॉटचंच चटपटीत स्टिअरिंग नव्या गाडीला लावत होते. स्विंगल आणि गार्लिट्सनी स्टिअरिंगचा रेशो बदलून ते मंद केलं, म्हणजे हातातलं चाक बरंच फिरवलं तरी पुढची चाकं थोडीशीच वळणार. झालं. गाडी सुतासारखी सरळ गेली. मी आयुष्यात जे ट्रबलशूटिंग बघितलंय त्यात ह्याच्या तोडीचं फार कमी आहे, सगळे मोठ्या गोष्टीला, इंजिनाच्या जागेला दोष देत होते आणि दोष एका लिंकेजच्या रेशोमध्ये निघाला.

१९७१ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात पोमोनाची विंटरनॅशनल्स ही एनएचआरएची मोठी रेस ह्या गाडीनं, स्वॅम्प रॅट १४ नं, जिंकली. त्याच वर्षी मागच्या बाजूला वर विंग बसवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत टॉप फ्युएलमधून स्लिंगशॉट जवळजवळ गायबच झाले, ज्यांनी आधी नावं ठेवली त्यांनीही नव्या गाड्या बांधल्या. किती ड्रायव्हर त्यामुळे जिवंत घरी गेले ह्याचा हिशेब कोण ठेवणार, पण आजही टॉप फ्युएलची प्रत्येक गाडी ह्याच मांडणीची असते.

पुढचं भराभर सांगतो. १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या ओंटारिओला ताशी २५० मैल पार. एनएचआरएची टॉप फ्युएल चॅम्पियनशिप १९७५, १९८५ आणि १९८६. शहाऐंशीला बंद कॉकपिटची स्वॅम्प रॅट ३० आणली आणि गेन्सव्हिलला २७२ मैलांचा वेग गाठला, त्याच गाडीचं तोंड इंगलिशटाउनला हवेत उचललं गेलं, गाडी उभी राहून गिरकी घेऊन खाली आली आणि हा आत बसलेला ठणठणीत. ती गाडी आता स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. २००३ ला, वय ७१, परत गेन्सव्हिलला ३२३ मैल. आणि नंतर सगळ्यांना वाटलं झालं आता, तर २०१४ मध्ये ८२ व्या वर्षी इलेक्ट्रिक ड्रॅगस्टर बांधून ताशी १८४ मैल, २०१९ ला त्याच्याही पुढे १८९ मैल. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य नायट्रोच्या वासात गेलं तो म्हातारपणी बॅटरी आणि मोटर शिकायला बसतो, ह्याचं मला त्याच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा जास्त कौतुक आहे.

मी दरवर्षी मार्चमध्ये गेन्सव्हिलला गेटरनॅशनल्स बघायला जातो आणि खरं सांगू, रेसपेक्षा पिटमध्ये, म्हणजे गाड्या उघडून परत बांधतात त्या जागी, जास्त वेळ काढतो. धाव संपून गाडी परत आली की पोरं तिच्यावर तुटून पडतात, ऑइल काढ, चेंबर उतरव, हेड वर, पिस्टन-कनेक्टिंग बाहेर, क्लचच्या प्लेटा बदल, तासाभराच्या आत अख्खं इंजिन उघडून परत बांधून तयार. मागच्या खेपेला मी एका गाडीभोवती बांधलेल्या दोरीला टेकून उभा होतो, एक विशीतला मुलगा खाली बसून बेअरिंगचे शेल सिलिंडरच्या क्रमानं फडक्यावर मांडत होता. प्रत्येक शेलवरून अंगठ्याचं नख फिरवायचा, उजेडात तिरका धरून बघायचा. एकावर मधोमध चकाकी गेलेली, खालचा तांब्याचा रंग दिसायला लागलेला. त्यानं काही न बोलता तो बाजूला ठेवला, चीफनं येऊन बघितला, कोणता सिलिंडर विचारलं आणि फ्युएलच्या पाइपातला एक जेट बदलायला सांगितला. म्हणजे त्या सिलिंडरवर दाब जास्त पडतोय हे त्या शेलवरून कळलं. सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहे, सगळं आहे, तरी शेवटचा निकाल नखानं. आमच्या उद्यमनगरचे मिस्त्री हेच करायचे हो!

मग इंजिन चालू करून बघतात तेव्हा मात्र लांब उभं राहा. न जळलेल्या नायट्रोची वाफ डोळ्यात आणि घशात जाते, पाणी यायला लागतं, क्रूवाले मास्क लावतात. आवाज कानानं ऐकू येतो म्हणण्यापेक्षा छातीत बसतो.

कुणी इकडे येणार असाल तर सांगून ठेवतो. एनएचआरएच्या रेसला वेगळा पिट पास लागत नाही, तिकिटावरच आत सोडतात, तेव्हा सकाळी लवकर जा. लहान मुलं असतील तर कानाला चांगले इअरमफ घ्या, नुसते कापसाचे बोळे घालून चालणार नाही. गेन्सव्हिलहून ओकाला तासाभराच्या आत येतं, तिथे हायवेला लागूनच गार्लिट्सचं म्युझियम आहे, १९८४ साली सुरू केलेलं, त्याच्या बऱ्याचशा स्वॅम्प रॅट तिथे एका ठिकाणी बघायला मिळतात. स्लिंगशॉट आणि १४ नंबर एकापाठोपाठ बघा, आणि दोन्हीकडे ड्रायव्हर कुठे बसतो आणि त्याचे पाय कुठे येतात तेवढं वाकून नक्की बघा.