एवढी एक खेप

"भावा, एवढी एक खेप मारून ये की." सांगली जिल्ह्यात एका दूध संघाच्या टेम्पोवर मी अकरा वर्षं काढली. त्यात हे वाक्य किती वेळा ऐकलं याची गणती नाही. दूध नासतं, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. पुढं बहिणीनं भरलेल्या अर्जाचा चौदा वर्षांनी नंबर लागला, न्यू जर्सीला आलो आणि पावाच्या गाडीवर लागलो. पावही नासतोच. इथला सुपरवायझर मला 'भावा' न म्हणता 'बडी' म्हणतो, बाकी वाक्य तेच.

४ जुलै हा इथला स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी दारोदारी अंगणात शेगड्या पेटतात आणि हॉट डॉग-बर्गरचे बन कोजागिरीच्या दुधासारखे संपतात. माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. पहाटे तीनला गाडी भरलेली, सगळी दुकानं करून, कालचा शिळा माल परत आणून दुपारी एकला मी पंच आउट केलं, म्हणजे काम संपल्याची वेळ नोंदवली. बूट सैल करतोय तोवर सुपरवायझर आला. न्यू यॉर्क राज्यातल्या स्टेटन आयलंडच्या एका दुकानात अठरा ट्रे कमी पडलेत. गोथल्स पुलापलीकडं, तासाभराचं काम. "बडी, जस्ट वन मोअर रन."

मी गेलो. पुन्हा पंच इनसुद्धा केलं नाही. म्हटलं, नवीन माणूस आहे, साहेबाच्या नजरेत भरू. पुलावर ट्रॅफिक लागलं आणि तासाचे अडीच तास झाले, तरी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी शॉप स्टुअर्डनं मला ट्रकामागं नेलं. शॉप स्टुअर्ड म्हणजे युनियनचा आमच्यातलाच प्रतिनिधी. तोही रोज गाडी चालवतो, वर हे काम. म्हातारा, पोर्तो रिकोचा, आवाज न चढवता झापणारा. "काल तू काय केलंस ते कळतंय का? फुकट काम केलंस, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचललंस."

पहिलं कळलं. पंच न करता काम करून घेणं इथं बेकायदा आहे, कामगार स्वतः हौसेनं करत असला तरी. दुसरं मात्र डोक्यावरून गेलं. मग त्यानं भिंतीवरची यादी दाखवली. एकतीस ड्रायव्हर, नोकरीच्या तारखेप्रमाणे. माझा नंबर सत्ताविसावा. आमच्या करारात असं आहे की जादा काम आधी वरून खाली विचारत यायचं, म्हणजे ज्येष्ठाला पहिला मान. सगळेच नाही म्हणाले तर मग खालून वर सक्ती करायची. सुपरवायझरनं यादी न बघता जो समोर दिसला त्याला, म्हणजे मला, धरलं होतं.

चौथ्या नंबरच्या ड्रायव्हरनं त्यावर ग्रीव्हन्स, म्हणजे करार मोडल्याची तक्रार, टाकला. त्याच्या मुलीचं कॉलेज सुरू होणार होतं, त्याला ते तास हवे होते. महिन्याभरानं निकाल लागला आणि कंपनीनं त्याला अडीच तासांचा दीडपट पगार दिला. न केलेल्या खेपेचा! मलाही दिला, पण मला राग आला तो आलाच. घाम माझा आणि पैसे त्याला, हा कुठला न्याय? बायको म्हणाली, "तुला तुझे मिळाले ना? मग त्याचे का मोजतोस?" बरेच दिवस मोजत होतो. मग लक्षात आलं की कंपनीला त्या एका खेपेचे दुप्पट पैसे पडले, आणि तेव्हापासून सुपरवायझर यादी हातात घेऊनच फिरतो.

गावाकडचे मित्र विचारतात, "युनियन आहे तर सरळ नाही म्हणायचं ना?" तसं नाही. इथल्या युनियनवाल्यांच्या तोंडी एक वाक्य असतं : वर्क नाऊ, ग्रीव्ह लेटर. आधी काम कर, मग तक्रार कर. यादीप्रमाणे सक्ती माझ्यावर आली आणि मी तोंडावर नाही म्हटलं, तर तो हुकूम मोडणं ठरतं, नोकरीवर येऊ शकतं. हुकूम चुकीचा असला तरी काम करायचं, वेळ लिहायची आणि पुढची भांडणं कागदावर. शेवटी नाहीच जमलं तर लवादाकडं. अपवाद जिवाच्या धोक्याचा. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांनंतर गाडी चालवता येत नाही आणि त्या मर्यादेत ११ तासांच्या वर स्टिअरिंग धरता येत नाही. तिथं नाही म्हणणाऱ्याला १९८२चा कायदा संरक्षण देतो. माझ्यासारख्या गावाकडून आलेल्याला हे पचायला जड गेलं. आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक, मुकाट्यानं करणं नाहीतर किल्ली टेबलावर आपटणं.

आणखी एक गंमत. अमेरिकेत आठवड्याला ४० तासांवर दीडपट पगार मिळतो, असं सगळे सांगतात. १९३८चा कायदा तसंच म्हणतो. पण राज्याची हद्द ओलांडून माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्या कलमातून वगळलंय. पूल ओलांडला की आम्ही त्यात. म्हणजे माझा पुरा दीडपट पगार कायद्यानं नाही, युनियनच्या करारानं येतो. आमची युनियन टीमस्टर्स. महिन्याला अडीच तासांचा पगार वर्गणीत जातो, आणि सुरुवातीला तो मला भारी खुपायचा. आपल्याकडं तेव्हा १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, तो तर जादा तासाला दुप्पट द्यायचा. टेम्पोवर अकरा वर्षं असताना त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

पार्सलवाल्यांच्या यूपीएसमध्येही याच युनियनचे कामगार आहेत. २०२३ साली ते तीन लाख चाळीस हजार जण संपाच्या उंबरठ्यावर आले होते. ड्रायव्हरांना सुट्टीच्या दिवशी सक्तीनं बोलावणं बंद करा, ही त्यांची एक मोठी मागणी. ती मान्य झाली आणि ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी करार मंजूर झाला. रोजचं जादा काम संपलेलं नाही. नाव नोंदवलेल्या ड्रायव्हरला आठवड्यात तीन दिवस साडेनऊ तासांपुढं राबवलं तर तो ग्रीव्हन्स टाकू शकतो, असा त्यांचा नियम आहे. आमच्या गल्लीत ऑनलाइन खरेदीची खोकी टाकणारी जी पोरं येतात, त्यातल्या बहुतेकांना यातलं काहीच नाही. ती ठेकेदाराची माणसं. एक जण रात्री नऊला दारात पाणी मागत होता, तेव्हा त्याच्या गाडीत अजून चाळीस खोकी होती.

माझ्या पाकिटात लायसन्सच्या मागं युनियननं दिलेलं एक कार्ड असतं. ऑफिसात चौकशीला बोलावलं आणि त्यातून शिक्षा होऊ शकते असं वाटलं, तर स्टुअर्ड आल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं त्यावर छापलंय. हा हक्क १९७५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आला. एका दुकानातल्या बाईवर चिकनचे पैसे कमी भरल्याचा आळ होता, तिनं चौकशीत युनियनचा माणूस मागितला आणि तो दिला नाही, यावरून तो खटला. पण हक्क आपणहून मागावा लागतो, मालकानं आठवण करून द्यायचं बंधन नाही. मी एकदाच मागितला. वाचताना इंग्रजी अडखळलं, पण सुपरवायझर थांबला.

यंदा गणपतीच्या दिवशीच सक्ती आली. वरून सव्वीस जण नाही म्हणाले होते, खालचे चौघे आधीच गाड्या घेऊन बाहेर. पंच इन केलं, वहीत वेळ लिहिली, १:१२, आणि गेलो. आरती फोनवर ऐकली, गाडी कडेला लावून.

रात्री चुलतभावाचा फोन. त्याच टेम्पोवर आता तो आहे. "काल तीन खेपा जादा मारल्या, दादा."

"लिहून ठेवल्यास?"

"कशात?"