दुरुस्त करून आणलेल्या व्हॅक्यूम पंपाची दुरुस्ती

आमच्या जुन्या बोलेरोच्या व्हॅक्यूम पंपाला गॅरेजमध्ये नवे किट टाकून घेतले, पैसे चुकते केले आणि गाडी घरी आणली, तर ब्रेक आधीपेक्षाही कडक झालेला होता. चाके थांबत होती, पण त्यासाठी पेडलवर अंगाचा सगळा भार द्यावा लागत होता. लळिंगचा घाट धुळ्याच्या बाजूला उतरत असताना पुढे कांद्याने भरलेला ट्रक संथपणे चालला होता, आणि तेवढ्या उतारात माझी उजवी पोटरी भरून आली. गाडी परत नेली, तेव्हा गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडण्याआधीच निदान सांगितले: "पंप आत्ताच केलाय साहेब, आता बूस्टर गेला." बूस्टर म्हणजे ब्रेक दाबताना पायाच्या जोराला भर देणारा डबा; नव्याचा भाव त्यांनी त्याच दमात सांगितला. मी गाडी तशीच परत आणली.

पेट्रोल गाडीत थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि तोच ब्रेकच्या बूस्टरला दिला जातो. जुन्या डिझेल इंजिनात अशी अडवणूक नसते. हवा पूर्ण आत घेतली जाते आणि कमी-जास्त होते ते फक्त डिझेल. म्हणून डिझेल गाडीला वेगळा पंप लागतो, आणि आमच्या गाडीत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला, त्याच्याच शाफ्टवर बसवलेला आहे. बूस्टरमधल्या रबरी पडद्याच्या दोन्ही बाजूंना हा पंप व्हॅक्यूम ठेवतो. पेडल दाबले की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला ढकलते. पडदा नऊ इंच व्यासाचा धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटीमीटर होते. ६०० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम असेल, तर त्यावर जवळपास ३३० किलोचा जोर मिळतो. व्हॅक्यूम २५० वर आला, तर तोच जोर १४० किलोच्या आत येतो. उरलेली भर पायाने घालावी लागते. ब्रेक 'कडक' झाला म्हणजे घडते ते एवढेच, आणि त्यासाठी लायनर, ड्रम किंवा मास्टर सिलिंडरला हात लावण्याची काहीही गरज नसते.

बूस्टर खरोखर गेला आहे का, हे आधी पाहणे भाग होते. याची रूढ परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते: इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबायचे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो, मग पेडलवर पाय तसाच ठेवून गाडी चालू करायची, पेडल किंचित खाली गेले पाहिजे. आमचे पेडल बराच वेळ जागचे हलले नाही आणि मग अगदी सावकाश खाली गेले. पण एवढ्यावरून दोष पंपाचा की बूस्टरचा, हे ठरत नाही, कारण दोन्हीपैकी काहीही निकामी असले तरी लक्षण तेच दिसते. सुदैवाने आमच्या चुलतभावाच्या गोठ्यात दूध काढण्याचे यंत्र आहे. ते यंत्रही व्हॅक्यूमवरच चालते आणि त्याच्या नळीत साधारण ३७५ मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो. गाडी गोठ्याच्या दाराशी लावली, पंपाकडून बूस्टरकडे जाणारी नळी पंपाच्या टोकाला सोडवली आणि ती यंत्राच्या नळीला जोडली. इंजिन बंद होते, तरीही पेडल लोण्यासारखे मऊ झाले. भाऊ म्हणाला, "दादा, म्हशीपेक्षा तुमची गाडी लवकर पान्हावली." नळी काढून गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी पहिल्यांदा पेडल दाबले, तेव्हाही ते मऊच होते. म्हणजे बूस्टरचा पडदा शाबूत होता आणि नळीतला एकेरी व्हॉल्व्हही हवा परत सोडत नव्हता. नव्या बूस्टरचा खर्च त्या गोठ्यातच वाचला.

मग यंत्राचाच व्हॅक्यूम मापक मागून आणला आणि पंपाच्या तोंडाशी लावला. इंजिन आयडलवर असताना काटा २५० च्या आसपास घुटमळत होता, रेस दिल्यावर कसाबसा ३५० पर्यंत चढत होता. चांगल्या पंपाने सहाशेच्या पुढे जायला हवे.

पंप उतरवायला फार कष्ट नाहीत. पट्टा सैल करायचा, बॅटरीची तार काढायची, इंजिनाकडून येणाऱ्या बारीक तेलनळीचा बॅन्जो (पोकळ) बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर जपून ठेवायचे, चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते तिकडे, जाणारा जाड रिटर्न पाइप सोडायचा आणि अल्टरनेटर पंपासकट बाहेर घ्यायचा. उघडण्याचे काम मात्र मी एकट्याने केले नाही. आमच्या गावात पूर्वी डिझेल इंजिनांचे काम करणारे एक वृद्ध मिस्तरी आहेत, त्यांना सगळे नानाच म्हणतात. नानांनी पंपाचे झाकण काढले, रोटर अंगठ्याने फिरवला, एक पाती चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि म्हणाले, "पंप चांगला शे भाऊ, पात्या उलट्या बसाडेल शेतस."

या पंपाची रचना साधी आहे. गोल पोकळीत रोटर मध्यभागी नसून एका बाजूला सरकवून बसवलेला असतो आणि त्याच्या खाचांमध्ये पात्या मोकळ्या असतात. रोटर फिरू लागला की पात्या बाहेर फेकल्या जाऊन भिंतीला टेकतात. दोन पात्यांमधली जागा एका बाजूला वाढत जाते आणि बूस्टरकडची हवा ओढते, दुसऱ्या बाजूला ती आक्रसते आणि हवा तेलासह चेंबरकडे ढकलली जाते. पातीची जी कड भिंतीवरून घासत जाते ती गोलाकार घासलेली असते, आतली कड चौकोनी असते. हा फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही. पण कडेवरून नख फिरवले की लगेच कळतो. गॅरेजमध्ये सगळ्या पात्या गोल कड आत आणि चौकोनी कड बाहेर अशा बसवल्या होत्या. त्या धारदार कोपऱ्यांनी पोकळीच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक रेघा ओढायला सुरुवात केली होती. नख अडकत नव्हते, म्हणून भिंत वाचली असे म्हणायचे; आणखी काही महिने गाडी तशीच चालली असती, तर पंप भंगारातच गेला असता.

दुसरा प्रकार मला अधिक अक्षम्य वाटतो. झाकण आणि पंप यांच्यामध्ये ओरिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, असते; तिच्यासाठी खोदलेली खाच असते आणि ती तेलाचा हात लावून बसवायची असते, याखेरीज तिला काही लागत नाही. गॅरेजमध्ये नवी ओरिंग बसवली होतीच, शिवाय तिच्यावर सिलिकॉनचा सढळ लेप दिला होता. बोल्ट आवळल्यावर जास्तीचे सिलिकॉन बाहेर यावे तसे आतही गेले आणि तेल आत येण्याच्या बारीक भोकात शेवेच्या काडीएवढा तुकडा अडकून बसला. या पंपात तेल केवळ वंगण म्हणून नसते. पाती आणि भिंत यांच्यातली फट तेलाच्या पापुद्र्यानेच बुजते. तेल कमी आले की पाती कोरडी घासते आणि हवाही मागे निसटते. आपल्याकडे गळती थांबवण्याचा एकच उपाय मानला जातो, तो म्हणजे सिलिकॉनची नळी पिळणे, आणि बाहेरून गळत नाही एवढ्यावर काम झाले असे समजले जाते. ज्या झाकणाखाली तेलाचे बारीक मार्ग आहेत, तेथे ही सवय घातक आहे.

भोक तारेने मोकळे केले, हवा मारून स्वच्छ केले, जुने सिलिकॉन लाकडी चिपेने खरवडले (चाकूच्या पात्याने खरवडले तर ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि मग खरोखरच गळते), भिंतीवरून तेल लावलेला अगदी बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला, पात्या सुलट्या केल्या आणि पंपात थोडे इंजिन ऑइल ओतून झाकण बसवले. गाडी चालू केल्यावर काटा झपाट्याने वर गेला आणि ६६० च्या जवळ स्थिरावला.

पण थोडी गाडी चालवल्यावर अल्टरनेटरकडून ठकठक ऐकू येऊ लागली, मागच्या जाळीतून तेलाचा ओघळ दिसला आणि बॅटरीचा दिवा मंद पेटू लागला. आधीच्या दुरुस्तीने यातले काहीच दाखवले नव्हते, आणि त्याचे कारण शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. पंपातले तेल शाफ्टवरून अल्टरनेटरमध्ये जाऊ न देणारे ऑइल सील काढून पाहिले. ते नवे होते, त्याचे ओठ तेलाच्या बाजूलाच होते, एवढे काम त्यांनी बरोबर केले होते. अखेरीस रिटर्न पाइप हातात घेतला. मूळ पाइप वळणाच्या आकारातच ओतलेला असतो. त्याच्या जागी साधा सरळ रबरी पाइप कापून वाकवला होता, तोही तेलासाठीचा नव्हे, पाण्यासाठीचा. धुळे-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा बॉनेटखाली काय स्थिती असते, ते सांगायला नको. त्यात इंजिनाचे गरम तेल. पाइप फुगून मऊ पडला होता आणि वळणावर घडी पडून जवळजवळ बंद झाला होता. जोवर तेल यायची वाट सिलिकॉनने अडलेली होती, तोवर जायची वाट बंद असल्याचे कळलेच नाही. मी येणारी वाट मोकळी केली आणि तेल पंपातच तुंबले. पात्या तेलावर आपटू लागल्या, दाब वाढला आणि सीलवरून तेल अल्टरनेटरमध्ये उतरले. एका चुकीने दुसरी चुकी झाकून ठेवली होती.

धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानातून मूळ घडणीचा, तेल आणि उष्णता सोसणारा पाइप आणला. तो पंपापासून चेंबरपर्यंत सलग उतरता राहील, मध्ये कोठेही झोळ पडणार नाही, असा बसवला. अल्टरनेटरचे ब्रश आणि स्लिप रिंग कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घेतले. एक ब्रश तेलाने चिकटला होता, तो बदलला. पात्यांनी खरवडलेली धूळ चेंबरमध्ये गेली असणार, म्हणून इंजिन ऑइल आणि फिल्टरही बदलले.

मापक भावाला परत दिला आणि स्वतःसाठी एक घेतला. महाशिवरात्रीला तोरणमाळला गेलो, तेव्हा तो पंपाच्या नळीवर टी जोडून लावलेला होता. धुळ्यात ६६० दाखवणारा काटा वर गेल्यावर ५९० च्या आसपास आला. सोबतच्या मंडळींना वाटले, पंप पुन्हा बसला. वास्तविक तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून अधिक उंच आहे आणि तेथे हवेचाच दाब ६६० मिलिमीटरच्या घरात असतो. पंप त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचला, तर आकडा इतकाच येणार. ब्रेक त्या प्रमाणात किंचित जड लागतो आणि घाट उतरताना तेवढा पाय जास्त द्यावा लागतो. गाडी शहाद्याला उतरली, तेव्हा काटा पुन्हा ६६० ला टेकला होता.