चेक परत आला, पण मेमो मिळेना: माझा अनुभव

चेक बाऊन्स झाला की जो तो विचारतो, "केस करणार का?" खरी अडचण त्याच्या आधीच उभी राहते. मूळ चेक आणि शिक्क्याचा रिटर्न मेमो (चेक का परत आला ते सांगणारी बँकेची चिठ्ठी) बँकेकडून हातात पडत नाही, आणि चेक देणाऱ्याला पैसे मागणारी नोटीस पाठवायचे ३० दिवस मात्र सुरू झालेले असतात. मला हे दोन कागद मिळायला १३ दिवस लागले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मालाच्या बिलापोटी मिळालेला ८५,००० रुपयांचा चेक काउंटरवर भरला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला जात राहतात. ठरलेल्या वेळेत शाखा स्कॅन करून पाठवते आणि समोरच्या, म्हणजे चेक देणाऱ्याच्या, बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही ते कळवायचं असतं. त्यामुळे त्याच संध्याकाळी एसएमएस आला: 'फंड्स इन्सफिशिअंट', म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाखेत उत्तर मिळालं, "चेक अजून क्लिअरिंगहून आला नाही, आला की फोन करू." हे ऐकून परत फिरू नका. आताच्या सीटीएस (चेक ट्रंकेशन सिस्टिम) पद्धतीत कागदी चेक समोरच्या बँकेत जातच नाही. त्याचा फोटो आणि खालच्या पट्टीवरचे आकडे तेवढे जातात. कागद तुमच्याच बँकेकडे असतो, फार तर शाखेऐवजी त्यांच्या क्लिअरिंग सेंटरवर. शिवाय न वटलेला चेक ग्राहकाला विनाविलंब, काही झालं तरी २४ तासांत परत द्यावा किंवा रवाना करावा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. मला हे माहीत होतं, तरी पहिले तीन हेलपाटे तोंडी बोलण्यात घालवले. तोंडी विचारण्याची कुठेही नोंद राहत नाही.

काम हललं ते लेखी अर्जाने. अर्ज दोन प्रतींत. त्यात खाते क्रमांक, चेकचा सहा आकडी क्रमांक, रक्कम, चेकवरची तारीख, तो कोणत्या बँकेचा, कधी भरला आणि एसएमएस कधी आला एवढं लिहायचं. शेवटी एकच वाक्य: 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालील नोटिशीची मुदत सुरू असल्याने मूळ चेक व सही-शिक्क्याचा रिटर्न मेमो तातडीने द्यावा.' दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या या कलमाचा आकडा वाचल्यावर अर्ज क्लार्कच्या टेबलावरून मॅनेजरच्या टेबलावर गेला.

अकराव्या दिवशी चेक मिळाला आणि सोबत एक प्रिंटआउट. त्यावर शिक्का नाही, सही नाही, तारखेचा रकाना कोरा. "कॉम्प्युटरचा आहे, शिक्का लागत नाही," असं सांगण्यात आलं. लागतो. त्याच कायद्याच्या कलम १४६ नुसार बँकेची अधिकृत खूण असलेला मेमो दाखवला की चेक न वटल्याचं कोर्ट गृहीत धरतं, आणि खोटं ठरवायची जबाबदारी समोरच्यावर जाते. खूणच नसेल तर हा आधार लंगडा होतो. म्हणून तो कागद घेतला नाही. आणखी दोन दिवसांनी नीट मेमो मिळाला. खिडकीवरून हलण्याआधी चेक क्रमांक, रक्कम, परतीचं कारण, तारीख, गोल शिक्का आणि सही, सगळं चेकशी ताडून पाहा.

आता ३० दिवस कधीपासून मोजायचे? कायद्यात मुदत 'बँकेकडून माहिती मिळाल्यापासून' आहे. मेमो उशिरा मिळाला म्हणून मोजणी तिथून सुरू करायची, हा धोका पत्करू नका. एसएमएस हीसुद्धा बँकेकडून आलेली माहितीच आहे, असं समोरचा वकील म्हणू शकतो. सर्वांत आधीची तारीख धरा. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीच्या उशिराला माफी नाही. माझे ३० पैकी १३ दिवस बँकेने खाल्ले, ते याच मुदतीतले.

नोटिशीची मुदत हुकलीच, तर चेकच्या तारखेपासून तीन महिने झाले नसल्यास तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला की नवे ३० दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे मान्य केलं आहे.

नोटिशीत चेकची नेमकी रक्कम मागा, रुपयाचाही फरक नको. व्याज आणि वकिलाची फी मागायची तर वेगळी दाखवा. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस देणाऱ्याला असतात. ते संपले की पुढच्या एका महिन्यात तक्रार, तीही तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिच्या हद्दीतल्या कोर्टात. हे सगळं कायदेशीर देण्यापोटी दिलेल्या चेकला लागू आहे, भेट म्हणून दिलेल्याला नाही.

एक राहिलं. चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नका. काउंटरवर दिला तर स्लिपवर पोच द्यायला शाखा नकार देऊ शकत नाही, आणि चेक कधी भरला याचा पुरावा तीच स्लिप. भरण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

चेक घेतानाच पाहायच्या गोष्टीही आहेत. नावात किंवा रकमेत खाडाखोड असेल, खाली सही केलेली असली तरी, नवा चेक मागा. तारखेची दुरुस्ती सोडली तर सीटीएसमध्ये खाडाखोड चालत नाही. अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत नसेल तर कायदा अक्षरी रक्कम धरतो, पण बँका सहसा चेकच परत करतात. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर देणाऱ्याला 'पॉझिटिव्ह पे'मध्ये (दिलेल्या चेकची माहिती आपल्या बँकेला आधीच कळवायची सोय) तपशील भरला का ते विचारा. सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेकही कलम १३८ मध्ये बसू शकतो, तेव्हा तो मेमोही जपून ठेवा. चेक मराठीत लिहिलेला असेल तर बिनधास्त घ्या, प्रादेशिक भाषेतले चेक नियमाने चालतात.

नोटीस पोचल्यावर नवव्या दिवशी पैसे एनईएफटीने आले. ते खात्यात दिसल्यावरच मूळ चेक परत दिला, आणि तो मिळाल्याची सही त्याच्या झेरॉक्सवर घेतली.