आमची वाटचाल : आधी प्रश्न, मग गाडी

गिऱ्हाईक आत येतं आणि पहिल्याच वाक्यात मॉडेल सांगतं. "स्विफ्ट आहे का? पेट्रोल, फर्स्ट ओनर, चार लाखांच्या आत." जुन्या गाड्यांच्या धंद्यात इथेच किल्ल्यांचा जुडगा उचलून स्टॉककडे पळायची सवय आहे. पुण्यात सातारा रस्त्यावरच्या आमच्या गाळ्यात तसं होत नाही. आधी खुर्ची, पाणी आणि पाच प्रश्न. रोजचं रनिंग किती आणि कुठल्या रस्त्यानं? स्टिअरिंगवर कोण? मागे कोण बसणार? रात्री गाडी कुठे लागणार? आणि घरात शेवटचा शब्द कोणाचा? मॉडेलचं नाव शेजाऱ्याची गाडी बघून नाहीतर मोबाइलवरून आलेलं असतं. खरी गरज कळते ती या पाच उत्तरांतून.

रोज हिंजवडी गाठणारा मायलेजसाठी डिझेल मागतो. बोलतं केलं की त्याचं दुखणं डाव्या गुडघ्याचं निघतं. वाकडच्या पुढे क्लच दाबून दाबून तो वैतागलेला असतो. त्याला ऑटोमॅटिक दाखवायची, आणि ती कात्रजच्या चढाला न्यायची, कारण रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचा क्लच यंत्राने दाबणारी स्वस्तातली ऑटोमॅटिक, चढावर किंचित मागे येऊ शकते आणि गिअर पडताना हिसका बसतो. हा हिसका ज्याला नको त्याला सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर, या जास्त गुळगुळीत चालणाऱ्या ऑटोमॅटिक. उलट पेठेतल्या पेठेत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या दुकानदाराने बीएस-६ डिझेल मागितलं तर आम्ही चक्क नको म्हणतो. एक्झॉस्टमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, लांब पळाल्याशिवाय पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, डॅशवर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं की पिकअप जातो आणि खर्च मोठा येतो. सीएनजी मागणाऱ्याला डिकी उघडून दाखवायची. गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या, ते तिथेच ठरतं. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) तीन वर्षांच्या आतली हवी. सिलिंडरवरची प्लेट बघितल्याशिवाय आम्ही गाडी घेतच नाही.

पार्किंगचा प्रश्न आम्हाला कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी शिकवला. सोसायटीतल्या दोन खांबांमधलं अंतर त्यांनी वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं, २३० सेंटिमीटर, आणि पर्समध्ये शिवणकामाची टेप होती. मुलाला क्रेटा हवी होती. क्रेटाची रुंदी १,७९० मिलिमीटर, आणि कंपनी जी रुंदी छापते त्यात बाहेरचे आरसे धरलेले नसतात. म्हणजे दोन्ही बाजू मिळून उरले ५१ सेंटिमीटर. त्यात दार उघडून साठीतल्या माणसाने उतरायचं कसं? नव्या पिढीची वॅगनआर १,६२० मिलिमीटर. डावीकडे खेटून लावली तर ड्रायव्हरच्या बाजूला माणूस उतरेल एवढी जागा राहते. बाईंनी मग सीटची जमिनीपासूनची उंची मोजली, दोनदा बसून उठून पाहिलं, आणि वॅगनआर नेली. त्यानंतर त्यांच्या भाच्या, शाळेतल्या सहकारी, माजी विद्यार्थी असे किती जण आले, आणि प्रत्येकाच्या हातात मापांचा कागद! असं गिऱ्हाईक जाहिरातीने मिळत नाही.

आता हत्यारांबद्दल. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा ओबीडी स्कॅनर, टॉर्च, टायरच्या खाचांची खोली मोजणारा ट्रेड डेप्थ गेज. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. दोनशेच्या पुढे रीडिंग गेलं की पॅनल पुन्हा रंगवलंय, पाचशे-सातशेच्या घरात गेलं की खाली पुट्टी आहे. पुण्यात दारं-बंपर रंगवलेले असणारच, त्याचा बाऊ करू नये. छत, पिलर आणि बॉनेटखालचा अॅप्रन (इंजिनाच्या बाजूचा पत्रा) यांचं रीडिंग मात्र वर गेलं तर गाडी सोडून द्यावी. फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघावं. काचांवरचे वर्षाचे कोड एकमेकांशी जुळवावेत. टायरवर २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर मीटर फिरवल्याचा संशय घ्यावा आणि पेडलचं रबर बघावं.

जे सापडेल ते एका कागदावर लिहून आम्ही गाडीच्या आतल्या आरशाला अडकवतो. डावं मागचं दार रंगवलंय, क्लच अर्धा गेलाय, एसीचा गॅस कमी आहे. गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते फसवले जाऊ या भीतीने, आणि खोट आधी वाचायला मिळाली की ती भीती निम्मी उतरते. मग भाव बोलणं सरळ होतं.

या कागदानेच आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. सहकारनगर, अरण्येश्वर भागात तळमजल्यावर लावलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही अशी, ठरवलेली गाडी लिलावात निघते, आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एकाने तसला माल भरला. आमच्यापेक्षा पन्नास-साठ हजारांनी स्वस्त, शॅम्पू केलेल्या सीट, सुगंधी फवारे. आरशाला अडकवलेला कागद दाखवून तो आमच्याच गिऱ्हाइकाला सांगायचा, "बघा, हे स्वतःच लिहून देतात की यांच्या गाड्या खराब आहेत." ते अजून मनातून गेलेलं नाही.

आमचा स्टॉक हलेना. पाच लाखांची गाडी वर्षाला बारा टक्के व्याजाच्या पैशावर उभी असेल तर महिन्याला पाच हजार नुसते व्याजाचे, आणि बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे पडतात ते वेगळंच. त्यात मार्च २०२० ला लॉकडाउन लागला. भाडं थकलं, व्याज चालूच. बाईंनी पाठवलेली गिऱ्हाइकं नसती तर शटर वर झालं नसतं.

बुडालेली गाडी लगेच बोलत नाही. पाणी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये राहतं, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि काही महिन्यांनी पॉवर विंडो, सेन्सर, सेंट्रल लॉक एकेक करून जायला लागतात. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली जमिनीलगत असतं. ते भिजलं असेल तर ऐन वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. त्या शेजारच्या दुकानदाराकडून गाड्या नेलेली माणसं नंतर आमच्याकडेच तपासायला आली. आम्ही स्कॅनर लावून दिला, एक रुपया घेतला नाही. तुम्ही कुठूनही गाडी घ्या, पण एवढं करा: सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा फोम, स्टेपनीचा खड्डा, डॅशखालचे स्क्रू बघा. सुगंध जास्त येत असेल तर काचा लावून गाडी तासभर उन्हात ठेवा आणि मग दार उघडा.

दुसरा तडाखा २०२५ चा. ३ सप्टेंबरला नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार असं जाहीर झालं, अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे थेट घटस्थापनेला. मध्ये पितृपक्ष. नवी गाडी स्वस्त होणार म्हटल्यावर जुन्या भावाने घेतलेला आमचा स्टॉक एका रात्रीत महाग ठरला. त्यातच जुन्या गाडीवर आमच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावरचा कर जानेवारीपासून छोट्या गाड्यांनाही १२ ऐवजी १८ टक्के झालेला. आम्ही भाव पाडून माल मोकळा केला आणि पुढची खरेदी नव्या गाडीच्या नव्या ऑनरोड किमतीवरून उलट मोजून सुरू केली. जुन्या गाड्या विकणाऱ्या प्रत्येकाने हाच हिशेब धरावा. गिऱ्हाईक आधी नव्या गाडीच्या शोरूममध्ये जाऊन मगच आपल्याकडे येतं.

कागदांच्या बाबतीत गिऱ्हाइकाला एकच हवं असतं, मागे लचांड नको. म्हणून टोकन घेण्याआधी आरसीवरचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, बघतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. जुने ई-चलान विकणाऱ्याकडून भरून घेतो, फास्टॅग त्याच्या नावावरून बंद करायला लावतो. विमा १४ दिवसांत नव्या नावावर करायचा, आणि नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. हे आधी सांगितलं नाही तर प्रीमियम वाढलेला बघून माणूस आपल्यालाच चोर समजतो. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (सुरक्षित नंबर प्लेट) बसवलेली आहे ना, तेही बघतो. दुसरी किल्ली मिळाली नसेल तर तीही आरशाच्या कागदावर लिहितो, कारण सेन्सरची किल्ली नव्याने प्रोग्राम करून घ्यायला पैसे जातात आणि ते कोणी द्यायचे हे गाडी हलायच्या आधीच ठरलेलं बरं.