तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या कादंबरीची पटकथा आपणच लिहावी का?

लिहिणारी मंडळी हा प्रश्न हटकून विचारतात. माझं उत्तर: जरूर लिहावी, पण पुस्तक मोडायची तयारी हवी. अमेरिकन कादंबरीकार गिलियन फ्लिनचं काम समोर ठेवलं की मुद्दा स्वच्छ कळतो.

फ्लिन मूळची मिझुरीतल्या कॅन्सस सिटीची. ‘एंटरटेन्मेंट वीकली’त दहाएक वर्षं सिनेमा-टीव्हीवर लिहिलं आणि २००८मध्ये कपातीत नोकरी गेली. ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ (२००६) ही पहिली कादंबरी तोवर आली होती. २०१२च्या ‘गॉन गर्ल’ या कादंबरीने मात्र तिचं नाव सर्वतोमुखी केलं. सिनेमाचे हक्क विकतानाच तिने पटकथेचा पहिला खर्डा स्वतःकडे ठेवून घेतला. हे करारातच यावं लागतं, नाहीतर हॉलीवूडचा स्टुडिओ पटकथा कुणाकडेही देऊ शकतो. पहिला खर्डा तुमचा असला तरी पुढचे दुसऱ्याकडे जाऊ शकतात, हेही ध्यानात ठेवा.

पुढचं गणित निर्दय आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर ढोबळमानाने एक मिनिट. कादंबरी चारशेच्या वर पानांची, डेव्हिड फिंचरचा सिनेमा (२०१४) १४९ मिनिटांचा. नायिकेच्या जुन्या मित्राची आई पुस्तकात आहे, सिनेमात ती नाहीच.

(सिनेमा पाहायचा राहिला असेल तर एवढा परिच्छेद गाळा.) पुस्तकात एक प्रकरण नवऱ्याचं, म्हणजे निकचं, एक त्याच्या बायकोच्या, एमीच्या डायरीतलं. ती डायरी बनावट निघते. एमीने ती कशी रचली, याची कबुली पुस्तकात ऐसपैस आहे. पडद्यावर ती गाडी चालवताना एकेक पेन खिडकीबाहेर भिरकावते. डायरी वर्षानुवर्षांची वाटावी म्हणून वापरलेली ती वेगवेगळी पेनं! पानांचं काम एका हाताच्या हालचालीने झालं. मला ही पटकथेतली सर्वांत देखणी जागा वाटते.

कादंबरीकार फसतो तो निवेदनात. आवडती वाक्यं सोडवत नाहीत, मग ती पात्राच्या तोंडी पार्श्वस्वरात (व्हॉइसओव्हरमध्ये) येतात आणि जे दिसतंय तेच ऐकू येत राहतं. फ्लिननेही पार्श्वस्वर भरपूर वापरला, पण तो आवाज खोटं बोलतो, म्हणून चालतो. तुमचं निवेदन पूर्ण खोडून प्रसंग वाचा. कळला, तर ते परत घालू नका.

पुढे तिने दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनसोबत ‘विडोज’ (२०१८) हा सिनेमा लिहिला. मूळ १९८३ची ब्रिटिश मालिका, ती शिकागोत नेली. दुसऱ्याच्या कथेवर हात बसला की आपल्या कथेला कात्री लावणं सोपं जातं, असं मला वाटतं.

तुमचं लिहायला घ्याल तेव्हा पुस्तक कपाटात ठेवा. आठवतील ते प्रसंग एका कार्डावर एक असे लिहा, साठेक पुरेत. आठवलेच नाहीत, ते कापायच्या यादीत आधी घाला.