सी-बिस्किट आणि मामाची लंगडी घोडी

आमच्या मामाचं घोड्यांचं वेड म्हणजे विचारूच नका. गाव शहादा तालुक्यात, शेतात केळी न पपई, आणि दत्तजयंती आली की माणूस घरात सापडत नाही, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या पाया पडायचं आणि मग थेट घोडेबाजार. तिथं सौदा सुरू होतो तो उंचीपासून, तीही इंचात, मग देवमन म्हणजे केसांचा शुभ भोवरा आहे का, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय न तोंड पांढरं असलेला आहे का, रेवाल म्हणजे स्वाराला हिसके न देणारी चाल कशी चालतो. तर अशा माणसाला मी एकदा मोबाईलवर माझ्या आवडत्या घोड्याचा जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो दाखवला. मामाने झूम केलं, गुडघ्यांवर येऊन थांबला न म्हणे, "हाऊ घोडा कोन लेई रे भाऊ?"

चूक नव्हती त्याची. सी-बिस्किट हा अमेरिकेतला शर्यतीचा घोडा, उंचीला साधारण 62 इंच, आखूड पायांचा, पुढचे गुडघे कधी पुरते सरळ व्हायचे नाहीत. पहिल्या 17 शर्यतीत एकदाही जिंकला नाही आणि दोन वर्षांच्या वयात त्याला तब्बल 35 वेळा पळवला, म्हणजे भाड्याच्या ट्रॅक्टरसारखा वापरला. 1936 ला चार्ल्स हॉवर्ड नावाच्या मोटारींच्या डीलरने त्याला 8,000 डॉलरला घेतला, ट्रेनर टॉम स्मिथ, जॉकी रेड पोलार्ड, ज्याला एका डोळ्याने दिसायचंच नाही. घोडा इतका चिडका की सोबतीला बकरी बांधली तर तिलाच उचलून बाहेर फेकली! पुढे पम्पकिन नावाच्या एका शांत घोड्याशी जमलं तेव्हा कुठं झोपायला लागला.

1 नोव्हेंबर 1938 ची पिम्लिकोची शर्यत सगळ्यांना माहितीये, समोर वॉर ॲडमिरल नावाचा घोडा, आणि याने त्याला चार घोड्यांच्या लांबीने हरवलं, लोक तीच सांगत बसतात. मला मात्र त्याच्या पुढचं वर्ष आवडतं, ज्यात काहीच घडलं नाही.

फेब्रुवारी 1939 ला पळताना पुढच्या डाव्या पायाचा सस्पेन्सरी लिगामेंट गेला. नळीच्या हाडामागचा हा पट्टा खालचा सांधा तोलून धरतो, आणि घोडा चौखूर उधळला की एक क्षण असा येतो की सगळं वजन एकाच पुढच्या पायावर असतं. म्हणजे विषय संपलाच होता. त्याला कॅलिफोर्नियात हॉवर्डच्या रॅंचवर नेला, तिथं पोलार्डही होता, त्याचाही पाय 1938 ला दुसऱ्या एका घोड्यामुळे पार मोडलेला. दोघं लंगडे रोज सोबत चालायचे. आधी नुसतं चालणं, मग पाठीवर बसून चालणं, मग हळूहळू पळणं, महिनोन्महिने हेच.

हे मला का आठवतं तर आमच्या घोडीमुळे. रंगाने त्याच्यासारखीच कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, ठिबकच्या पाईपसाठी खोदलेल्या चारीत तिचा पाय गेला न रात्रीतून नळीमागे लिंबाएवढी सूज. दुसऱ्या दिवशी डाग देणारा एकजण सळई घेऊन हजर, मामाही जवळजवळ तयार, मामी रडतेय. जनावरांच्या डॉक्टरने त्याला हाकलला, म्हणे डागाने आतला पट्टा जुळत नाही, थंड पाणी मारा आणि बांधून ठेवा. मग मी मामाला सी-बिस्किटची गोष्ट सांगितली, दोन-तीनदा सांगितली, मामा वैतागला पण ऐकली. चार महिने बांधली, नंतर रोज सकाळी ऊन चढायच्या आत मामा तिचा दोर धरून केळीच्या कडेकडेने चालायचा, पहिल्या दिवशी मोजून वीस पावलं. गावातले हसायचे, म्हणे घोडी मामाला फिरवते का मामा घोडीला.

सी-बिस्किटचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलंच. सांता अनिता हँडिकॅप नावाची शर्यत तो 1937 ला आणि 1938 ला, दोन्ही वेळा नाकाच्या फरकाने हरला होता. 2 मार्च 1940 ला, सातव्या वर्षी, पोलार्डच पाठीवर, तीच शर्यत जिंकला! दुसरा आला कायाक, तोही हॉवर्डचाच, आणि त्याला मुद्दाम आवरला असं काहीजण अजून म्हणतात, म्हणू द्या. त्यानंतर घोडा परत पळवला नाही.

आमची घोडी काही कुठं पळाली नाही, लग्नात नवरदेव घेऊन मिरवते, डीजेला बिचकत नाही एवढंच तिचं कौतुक. या वर्षी सारंगखेड्याला नेली होती, विकायला नाही, मिरवायला. एक व्यापारी खाली बसला, नळीवरून अंगठा फिरवत आणला न गाठीपाशी थांबला. "हाई काय शे?"

मामाने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणे, "त्या बिस्किटना फोटू दखाड रे याले."